मूळचा रंग

तंजावुरात घर भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. माणसं किती, नवऱ्याची बदली पुन्हा कधी होणार, दवाखान्यात गर्दी किती होईल, असलं काही नाही.

"मूळ गांव कोठलें?"

"सातारा," मी म्हणाले.

ते खुर्चीतून ताडकन उठले आणि त्यांनी मला हात जोडले. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावुरी मराठी; सातारा म्हणजे त्यांच्या लेखी काशी. मग त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पाहिलं.

"खुद्द सातारा?"

"खुद्द."

"आणि तुमचे आईवडील?"

"तेही तिथलेच."

मी काळी आहे. आमच्या घरी 'सावळी' हा शब्द फक्त पाहुण्यांसमोर काढत. शेवटी त्यांनीच माझी सोडवणूक केली. "मध्यें मुंबईस राहिलां असाल. समुद्राच्या वाऱ्यानें होतें तसें." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी मुंबईत कधी राहिले नव्हते. पण तळमजल्यावर दवाखान्याला जागा आणि वर, त्यांच्या बिऱ्हाडाशेजारी, राहायला दोन खोल्या मिळत होत्या, त्यामुळे मी मुंबई मान्य केली.

त्यांना मी मामा म्हणे, त्यांच्या बायकोला मामी. मामा पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कावेरीचं पाणी कोणत्या कालव्यात कधी सुटतं हे त्यांना तोंडपाठ होतं, पण ते सगळं कागदावरून. कालव्याच्या काठावर ते उभे राहिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. कारण तिथं ऊन असतं. त्यांचं मराठी ऐकताना मला एखादा जुना खलिता समोर बसून कापी, म्हणजे कॉफी, पितोय असं वाटे. 'झालं'ला ते 'जाहलें' म्हणत, 'मला'ला 'मजला', 'सगळं'ला 'अस्की'. मध्येच 'अय्यय्यो' आलं की खलिता तमिळनाडूचा आहे हे कळायचं.

दवाखान्याच्या पाटीवर तमिळ आणि इंग्रजीबरोबर देवनागरी हवीच, असा त्यांनी हट्ट धरला. "आपली लिपि आहे, डॉक्टरम्मा. आपण नाहीं लावायची तर कोणी लावायची?" रंगाऱ्यानं माझ्या कागदावरून अक्षरं उतरवली. पाटी लागली. मामांनी रस्त्याच्या सावलीच्या बाजूला उभं राहून ती डोळे भरून पाहिली आणि मग हळूच मला म्हणाले, "छान जाहली. काय लिहिलें आहे?" त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्या गल्लीत माझ्याखेरीज कोणालाच येत नव्हती.

पण मामांचा खरा अभ्यास वेगळा होता. तो त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचा.

मामांच्या दोन्ही गालांच्या हाडांवर काळपट डाग होते. पन्नाशी उलटल्यावर अनेकांना येतात तसे, फुलपाखराच्या पंखांएवढे. बाकी चेहरा गव्हाळ, चांगला. पण मामांच्या मते डाग हा आजार नव्हताच, तो इतिहास होता. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले. हे पूर्वज सोमवारी घोडेस्वार असत आणि गुरुवारी कारकून, ऐकणारा कोण आहे त्यावर अवलंबून. मात्र गोरे ते दोन्ही दिवशी असत. "केतकीसारखे," मामा म्हणत. मग इथल्या उन्हानं प्रत्येक पिढीवर एकेक हात चढवला. भिंतीला चुना मारतात तसा, फक्त काळा. म्हणजे खाली तो मूळचा रंग तसाच आहे. मला पटावं म्हणून ते एकदा मला राजवाड्यात घेऊन गेले. एका खांबाचा गिलावा उडाला होता आणि आतून जुनं तांबडं रंगकाम दिसत होतं. मामांनी तिथं छत्रीचं टोक ठेवलं.

"पाहिलेंत? खरवडलें कीं निघतें."

हा मूळचा रंग आणखी झाकला जाऊ नये म्हणून ते सकाळी देवळात जातानाही छत्री उघडत. गल्लीतून चालताना सावली बदलली की ते रस्ता बदलत. त्यांच्या बहिणीकडे कुंभकोणमला जाताना बसमध्ये डावीकडेच बसत, कारण सकाळी ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी परत येतानाही ऊन उजवीकडूनच, म्हणून पुन्हा डावीकडे. तिथं कोणी बसलेलं असेल तर ते त्याला उठवत नसत. शांतपणे खाली उतरत आणि पुढच्या बसची वाट पाहत.

त्यात त्यांची कातडी अतिशय नाजूक. साबण बदलला की पुरळ, देवळातलं कुंकू लावलं की कपाळावर लाल चट्टा, चंदन उगाळून लावलं तर दोन दिवस खाज. दुसरा एखादा वैतागला असता. मामांना त्याचा अभिमान होता. "जाड कातडें नांगऱ्याचें. आमचें दरबारी," ते म्हणत आणि खाजवत.

दवाखाना सुरू झाल्यावर दारापुढच्या ओट्यावर माझे पेशंट बसू लागले आणि मामांना श्रोते मिळाले. गजकर्णाला आलेला माणूस आत येईपर्यंत मराठ्यांचा इतिहास ऐकून येई. तिथंच त्यांच्या कानावर 'केमिकल पील' हा शब्द पडला. एका शिक्षिकेच्या मुरमांच्या डागांवर मी सौम्य पील करत होते. मामांनी तिला ओट्यावर गाठून सगळं विचारून घेतलं आणि दवाखाना बंद व्हायच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसले.

"आम्ल लावतां, वरचा थर जातो, खालचा वर येतो. खरें?"

"तसं खरं, पण..."

"बस्स. तर माझे अस्की थर काढा."

मी त्यांना समजावलं. पील म्हणजे भिंत खरवडणं नव्हे. अगदी वरचा पातळ पापुद्रा जातो. नवीन येतो तो तुमच्याच रंगाचा, फार तर थोडा उजळ, थोडा एकसारखा. आणि आपली, म्हणजे गव्हाळ-काळ्या माणसांची कातडी चिडली की काळी पडते. तुमची तर कुंकवानं चिडते. तिला जोरदार आम्ल लावलं तर आहेत त्यापेक्षा गडद डाग पडतील. आधी चंदन, हळद, लिंबू, बहिणीनं दिलेली गोरेपणाची क्रीम, सगळं बंद. काही महिने नुसतं साधं मॉइश्चरायझर आणि उन्हाचं मलम. कातडी शांत झाली की कानामागे थोडं लावून बघू. सोसलं तर मग सौम्यातलं सौम्य पील, तेही बेताबेतानं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना एकच गोष्ट खटकली.

"कानामागें? कानामागें कोण पाहतो, डॉक्टरम्मा?"

तरी त्यांनी मलमं घेतली. उन्हाचं मलम ते इतकं जाड थापत की गल्लीतली मुलं त्यांना पाहून नाटक कुठं आहे विचारत. काही महिन्यांनी मी कानामागे चाचणी केली. दुसऱ्या दिवशी तिथं लालभडक चकंदळ. मी म्हटलं, नाही जमणार. मामा आरशात मान वेळावून ते चकंदळ पाहण्याचा प्रयत्न करत होते.

"लाल जाहलें म्हणजे गोऱ्याच्या वाटेवर आहे कीं."

आमचं हे असंच चालत राहिलं असतं. पण मामांना फोनवर एक आडनावबंधूंचा ग्रुप सापडला. तिथं रोज सकाळी सुप्रभात, दुपारी पराक्रम. त्यात साताऱ्याकडच्या एका गावातल्या माणसानं घराण्याच्या खुणा जुळवल्या, कुलदैवत जुळवलं आणि लिहिलं, 'तुम्ही आमचेच भाऊबंद. मार्गशीर्षात जत्रा आहे. या.' ते मराठीत लिहिलेलं होतं, म्हणून मामांनी मला वर बोलावून माझ्याकडून वाचून घेतलं. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

घराण्यातलं कोणी पिढ्यान्‌पिढ्या परत गेलेलं नव्हतं. मामा पहिलेच. मला त्याच सुमारास माहेरी जायचं होतं, तेव्हा आम्ही तिघं बरोबर जायचं ठरलं. मामींनी लगेच लोणच्याच्या बरण्या बांधायला घेतल्या. मामा मात्र आरशासमोर उभे राहू लागले.

"हे तोंड घेऊन जायचें? ते म्हणतील, आम्ही धाडलें काय आणि परत आलें काय!"

जायच्या साधारण तीन आठवडे आधी ते सकाळीच छत्री घेऊन बाहेर पडले. बहिणीकडे जातो म्हणून सांगितलं, पण उतरले अलीकडेच, पापनाशमला. तिथं बस स्टँडसमोर एक ब्यूटी पार्लर होतं आणि काचेवर एका बाईचा अर्धा काळा, अर्धा गोरा चेहरा चिकटवलेला होता. आतल्या मुलीनं, तिच्या बाजूनं सांगायचं तर, विचारलं होतं, "सार, स्किन सेन्सिटिव्ह आहे का?" आणि दरबारी कातडीचा हा जन्माचा अभिमानी गृहस्थ म्हणाला, "छे छे. म्हशीचें आहे." तिनं आम्ल लावलं. चुरचुरायला लागल्यावर ती पुसायला आली, तर यांनी हात वर केला. आणखी थोडं राहू दे. ती पुन्हा आली. आणखी थोडं.

दुपारी मामी दवाखान्यात धावत आल्या. "हे टॉवेल काढत नाहींत."

मामा अंधाऱ्या खोलीत बसले होते. टॉवेल मी काढला. चेहरा सुजला होता, गाल सोलवटून पाणी सुटलं होतं, एक डोळा अर्धा मिटला होता. मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, मलम लावलं, गोळ्या दिल्या. ते कण्हत नव्हते. मला वाटलं, धक्का बसलाय. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओठ न हलवता विचारलं, "खालीं कोणता दिसतो?"

"काय?"

"रंग."

"लाल," मी म्हणाले.

"लाल म्हणजे... गुलाबीकडे झुकणारा?"

मी पट्टी बदलली.

खपल्या गेल्या आणि मी सांगितलं होतं तेच झालं. पूर्वी पंखाएवढे होते ते डाग आता दोन्ही गालभर पसरले, कपाळावर एक नवा आला, हनुवटीवर दुसरा. मी म्हटलं, घाबरू नका, हे हळूहळू उतरेल, पण महिने लागतील. मामांनी जाहीर केलं, "जायचें रद्द. त्यांस ताप आला म्हणून कळवा."

मामी दारात उभ्या होत्या. मामींचं माहेर तंजावुरजवळच्या ओरत्तनाडूचं, रंग माझ्यापेक्षाही एक छटा गडद. वर्षभर त्यांना मी पाहत होते. मोठ्यानं बोलल्याचं आठवत नाही. त्या दिवशीही मोठ्यानं बोलल्या नाहीत.

"तुम्ही नका येऊं. मी जाणार."

"तू? तू एकटी? तें माझें गांव!"

"डॉक्टरम्मा आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मजला पाहायला आले तेव्हां ह्यांनी माझ्या बापासमोर सांगितलें, रंग सोडून अस्की बरें आहे म्हणून. अद्याप कोणी आलें तर तसेंच सांगतात. हिरवें लुगडें घेतलें तर, नको, आणखी काळी दिसतेस म्हणतात. माझें तोंड घेऊन मी इतकीं वर्षें ह्यांच्याबरोबर अस्कीकडे गेलें. ह्यांस एकदां आपलें तोंड घेऊन एका गांवीं जाववत नाहीं."

मामांनी टॉवेल उचलला, घडी केली, पुन्हा उलगडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता आपली पेटी खाली काढली.

प्रवासभर ते माकडटोपी, मफलर आणि काळा चष्मा घालून बसले. रेल्वेतला तिकीट तपासनीस दोनदा त्यांचं ओळखपत्र पाहून गेला. पुण्याहून माझ्या भावाच्या गाडीनं गावाकडे निघालो. घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, मध्येमध्ये ऊस. मामा काचेला नाक लावून बसले होते. मामींनी पोपटी हिरवं रेशमी लुगडं नेसलं होतं. त्याबद्दल गाडीत कोणी काही बोललं नाही.

गावात गाडी थांबली तशी दहा-बारा माणसं पुढं आली. भाऊबंद. रानात राबलेली, उन्हात वाळलेली, तव्यासारखी काळी माणसं. म्हातारे, तरणे, बायका, सगळे. मामा गाडीतून एक पाय बाहेर ठेवून तसेच थबकले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणीतरी गोरं मागून येत असेल, असं त्यांना वाटलं असावं. मागून एक म्हैस आली.

त्यांना ओसरीवर नेऊन बसवलं. मामांनी घसा साफ केला. हे भाषण त्यांनी तंजावुरापासून पाठ केलं होतं. "आपल्या दर्शनें आम्हांस बहुत संतोष जाहला. आम्ही येथून गेलों तदनंतर..." पोरं खिदळायला लागली. एक तरणा भाऊबंद मदतीला सरसावला. "काका, हिंदीत बोला तुम्ही, बिनधास्त. कळतं आम्हाला."

इतक्या पिढ्या जे जपलं ते इथं कोणाला ओळखू आलं नाही. मामांनी मफलर सोडला, चष्मा काढला, टोपी काढली. बहुधा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांना वाटलं असेल. डागाळलेला चेहरा लख्ख उजेडात आला.

बोलावणं धाडणाऱ्या भाऊबंदाची म्हातारी आई पुढं सरकली. तिनं मामांच्या गालावर हात ठेवला, डोळे बारीक करून ते डाग पाहिले.

"उन्हानं पार करपलाय गं माझा बाबा," ती म्हणाली. "रानातच असतोस व्हय दिसभर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामींकडे पाहिलं. मग ताठ बसले.

"होय," ते म्हणाले. "शेती आहे."

मामींनी पदर तोंडाला लावला.

त्या एका शब्दानं ओसरीचा नूर पालटला. मघापर्यंत ते मद्रासकडचे पाहुणे होते, आता घरचे झाले. काय पिकतं? भात. पाणी कुठलं? इथं मामांची कचेरी उपयोगाला आली. कावेरी, कालवे, पाळ्या, कुठल्या तालुक्याला कधी पाणी सुटतं, ते असं धडाधड सांगू लागले की चहा निवून गेला. भाषेचं कोणाला काही वाटेना. तेवढ्यात एक म्हातारे भाऊबंद उठले. "चला पाव्हणं, आमचं रान बघा." ऐन दुपारची वेळ होती. मी ओरडले, "मामा, छत्री! मलम!" मामा वळून माझ्यावर खेकसले, "शेतकरी छत्री घेतो काय?" आणि धोतराचा सोगा खोचून बांधावरून चालायला लागले, उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं, शाळवात दिसेनासे होईपर्यंत. माझ्या सगळ्या महिन्यांच्या मलमांचं त्या दुपारी काय झालं ते सांगत नाही.

तंजावुरला परत आल्यावर मला आशा होती की मामा आता शहाणे झाले असतील. तसं काही झालं नाही. त्यांनी सिद्धांत तोच ठेवला, फक्त उलटा केला. मूळचा रंग काळाच. घोडेस्वार काळे होते, कारकूनही काळे होते. इथं येऊन भात खाल्ला, सावलीत बसलो, कचेऱ्या केल्या आणि पिढीगणिक फिकट पडत गेलो. लग्न ठरलेली एखादी मुलगी पीलसाठी ओट्यावर बसली की ते तिला म्हणत, "कशास घालवतेस? अस्सल आहे." निम्म्या मुली आत न येताच परत जात. आणि मामी समोर असताना कोणी आलं तर छाती फुगवून सांगत, "हिचा पाहा. अस्की घराण्यांत हिच्याच माणसांनी मूळचा रंग सांभाळला." मामी कापी पुढं करत. त्यांच्या अंगावर हल्ली बहुधा हिरवं असे.

एका दुपारी दवाखाना बंद करत होते तेव्हा मामी खाली आल्या आणि पहिल्यांदाच पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"ह्यांचे डाग कधीं जातील?"

"मी नवीन मलम देतेय, बिनवासाचं. रोज रात्री लावलं, ऊन टाळलं, तर आडी महिन्यापर्यंत, आषाढापर्यंत, बरेच जातील."

"अस्की?"

"बहुतेक."

मामी टेबलावरच्या ट्यूबकडे बघत राहिल्या. "डाग गेले म्हणजे हे पुन्हां पहिल्यासारखे बोलूं लागतील," त्या म्हणाल्या.

मी डॉक्टर आहे. मी ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि किती लावायचं ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

पावसाळ्यानंतर आमची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. डाग होते तिथंच होते, जराही उतरलेले नव्हते.

"तुमचें औषध फार मंद हो, डॉक्टरम्मा," ते म्हणाले. "ही रोज रात्रीं न चुकतां लावते."

"लावतें कीं," मामी आतून म्हणाल्या.

मी नमस्कार करायला वाकले. मामांच्या गालांना खोबरेल तेलाचा वास येत होता.